घरगुती व्हॅक्युम बॅग प्रेस: दाब टिकत नाही आणि विनिअरच्या मधोमध फुगा राहतो

सागवान_सांगली

नमस्कार मंडळी. सांगलीत वखारभागाजवळ माझे सुतारकामाचे छोटे दुकान आहे. कपाटांची दारे, टेबलांचे माथे आणि अधूनमधून स्पीकरचे डबे अशी कामे मी करतो. विनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवताना आजवर मी वर जाड प्लायचा तक्ता ठेवत होतो, त्यावर विटा रचत होतो आणि कडेने शिकंजे आवळत होतो. दीड फूट रुंदीपर्यंत ही पद्धत चालते. अडीच बाय चार फुटांच्या दाराला मात्र मधल्या भागापर्यंत शिकंजा पोहोचत नाही, आणि साठ विटा रचल्या तरी वजन पावणेदोनशे-एकशेऐंशी किलोंच्या पुढे जात नाही.

म्हणून गेल्या महिन्यात व्हॅक्युम बॅग प्रेस, म्हणजे पिशवीतली हवा ओढून बाहेरच्या हवेच्या दाबाने विनिअर दाबण्याचे साधन, घरीच तयार करण्याचे मनावर घेतले. पंप म्हणून भंगारातून आणलेला फ्रिजचा कॉम्प्रेसर लावला. तासगावच्या एका द्राक्ष बागायतदार मित्राकडे शेडच्या २०० मायक्रॉन प्लॅस्टिक फिल्मचा तुकडा उरला होता, त्याची दुमडून पिशवी केली आणि तिन्ही उघड्या कडा दुहेरी चिकटपट्टीने बंद केल्या. हवा ओढण्यासाठी मोटारीच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह आतली पिन काढून फिल्मला बसवला. कॉम्प्रेसर आणि पिशवी यांच्यामध्ये व्हॅक्युम मीटर आहे.

कॉम्प्रेसर सुरू केल्यावर काटा हळूहळू ३८० मिलिमीटरपर्यंत (पाऱ्याच्या मापात) जातो आणि तिथेच थांबतो. बंद केल्यावर चार मिनिटांच्या आत तो शून्यावर येतो. म्हणून पहिले दार चिकटवताना मी कॉम्प्रेसर सलग चालू ठेवला, तर चाळीस मिनिटांनी त्याला हात लावता येईना आणि तो आपोआप बंद पडला. दुसऱ्या दिवशी दार बाहेर काढले तेव्हा कडा उत्तम बसल्या होत्या. पण कडेकडून मध्याकडे नखाने ठोकत गेल्यावर भरीव आवाज एकाएकी कोरडा आणि पोकळ झाला. तिथे तळहाताएवढ्या जागेत ०.५ मिलिमीटरचे सागाचे विनिअर सुटे राहिले आहे, आणि बोट दाबले की ते खाली जाऊन पुन्हा वर येते.

माझा कॉम्प्रेसर कमी पडतो आहे का? व्हॅक्युम किती असावा, पिशवी कशाची असावी आणि हे दार वाचवता येईल का, यावर अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

रंधा_मिरज

दादा, पंप बदलण्याचा विचार सध्या बाजूला ठेवा. आपण लिहिलेल्या आकड्यांवरूनच दिसते की जोर कमी पडलेला नाही. ३८० मिलिमीटर व्हॅक्युम म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ५.२ टन भार. आपले दार दहा चौरस फुटांचे, म्हणजे ०.९३ चौरस मीटरचे आहे. त्यावर जवळजवळ ४.८ टन वजन पडले, म्हणजे सिमेंटच्या ९६ पोत्यांइतके. सपाट फळीवर अर्ध्या मिलिमीटरचे विनिअर बसवायला एवढा दाब पुरतो, मात्र तो सगळीकडे पोहोचला पाहिजे आणि गोंद धरेपर्यंत टिकला पाहिजे. आपल्याकडे या दोन्ही गोष्टी झालेल्या नाहीत.

मधला फुगा हवेचा आहे. मी गिटार तयार करतो आणि पाठीच्या फळीला आतल्या पट्ट्या चिकटवण्यासाठी याच प्रकारची पिशवी वापरतो, त्यामुळे हा अनुभव मी स्वतः घेतलेला आहे. हवा ओढली जाऊ लागली की फिल्म सर्वांत आधी व्हॉल्व्हच्या आसपास आणि दाराच्या कडेला चिकटते. कडेने एकदा फिल्म बसली की मध्ये उरलेल्या हवेला बाहेर पडायला वाट राहत नाही. मीटर व्हॉल्व्हपाशी जे आहे तेच दाखवतो, दाराच्या मध्यभागी काय चालले आहे ते त्याला कळत नाही. म्हणूनच काटा ३८० वर असतानाही मधला भाग दाबाविना राहू शकतो.

यासाठी हवेला वाट करून द्यावी लागते. १८ मिलिमीटरच्या एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा) एक तक्ता दारापेक्षा चारी बाजूंनी दोन इंच मोठा कापा. त्याच्या वरच्या बाजूला राउटरने किंवा गोल करवतीने उभ्या-आडव्या खाचा पाडा. खाच एक सूत (इंचाचा आठवा भाग) रुंद आणि एक सूत खोल असावी, दोन खाचांत पाच-सहा इंच अंतर ठेवावे. सर्व खाचा एकमेकींना छेदून कडेपर्यंत गेल्या पाहिजेत. तक्त्याचे कोपरे आणि कडा रंध्याने व पॉलिश पेपरने चांगल्या गोल करा, कारण बहुतेक पिशव्या तीक्ष्ण कोपऱ्यावरच फाटतात. हा तक्ता पिशवीत कायम ठेवायचा आणि दार त्यावर ठेवायचे. व्हॉल्व्ह दारावर येऊ देऊ नका, तो तक्त्याच्या मोकळ्या कडेवर, खाचेच्या बरोबर वर आला पाहिजे.

विनिअरच्या वर आधी साध्या पातळ प्लॅस्टिकचा कागद, त्यावर ६ मिलिमीटरचा एमडीएफचा तक्ता आणि सर्वांत वर शेडनेटचा तुकडा घाला. रोपवाटिकेवर अंथरतात तीच हिरवी जाळी. ती दाराच्या सगळ्या पृष्ठभागावर पसरून व्हॉल्व्हच्या खालीही गेली पाहिजे. तिच्या धाग्यांमधून हवा सरकत राहते आणि फिल्म व्हॉल्व्हचे तोंड बंद करू शकत नाही. परदेशात यासाठी वेगळे कापड विकत मिळते, पण मी तीन वर्षे शेडनेटच वापरतो आहे आणि मला त्यात काही उणे आढळलेले नाही.

पिशवी बंद केल्यावर कॉम्प्रेसर लावण्याआधी घरातल्या व्हॅक्युम क्लीनरने मोठी हवा काढून घ्या. ते चालू असताना हाताने मधून कडेकडे फिल्म सारखी करत जा. एकदा पूर्ण दाब आला की विनिअर सरकवता येत नाही.

पॅनस्टेशन_वाळवा

मी सुतार नाही. साखर कारखान्यात पॅन स्टेशनवर, म्हणजे पाक व्हॅक्युमखाली आटवतात तिथे, काम करतो. व्हॅक्युम आणि त्याची गळती यांच्याशी मात्र रोजचा संबंध आहे, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट मीटरच्या वाचनाची. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. सांगली सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे आणि इथे तो ७१० च्या आसपास भरतो. महाबळेश्वरला हेच काम कोणी केले तर त्याच्या हाती ६४५-६५० च आहेत. म्हणून पुस्तकात किंवा व्हिडिओत ७०० किंवा २८ इंच व्हॅक्युम दाखवलेला पाहून आपला पंप वाईट आहे असे समजू नये. तेवढा व्हॅक्युम इथे जवळजवळ शक्यच नाही, आणि लाकडाच्या कामाला तो नकोही आहे.

नको असण्याचे कारण असे. पॅनमध्ये आम्ही ६३५ ते ६६० मिलिमीटर व्हॅक्युम ठेवतो, त्यामुळे पाक शंभर अंशांना न उकळता साठ-सत्तर अंशांच्या आसपास उकळतो आणि साखर करपत नाही. आपल्या गोंदातही पाणी असते. तीस अंश तापमानाला पाणी उकळायला सुमारे ३२ मिलिमीटर दाब उरावा लागतो, चाळीस अंशांना ५५ मिलिमीटर. म्हणजे मे महिन्यात सांगलीच्या पत्र्याखाली काटा ६५५ वर गेला तर विनिअरखालचा गोंद अक्षरशः उकळू लागेल, त्याला फेस येईल आणि तो सागाच्या रंध्रांतून वर येईल. ५०० ते ५५० वर थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ५०० वरसुद्धा आपल्या दारावर ६.३ टन भार येतो.

दुसरी गोष्ट गळती शोधण्याची. हंगाम सुरू होण्याआधी पॅनची चाचणी घेताना आम्ही व्हॅक्युम ओढून सर्व झडपा बंद करतो आणि तासाभरात काटा किती उतरतो ते पाहतो. आपणही असेच करा, पण एका वेळी एकच भाग तपासा. आधी कॉम्प्रेसर, बॉल व्हॉल्व्ह आणि मीटर एवढेच जोडा, मीटर बॉल व्हॉल्व्हच्या पुढच्या बाजूला ठेवून पुढचे तोंड बंद करा, व्हॅक्युम ओढा, बॉल व्हॉल्व्ह फिरवून बंद करा आणि दहा मिनिटे बघा. काटा हलला नाही तर नळी जोडा, मग रिकामी पिशवी, मग तक्त्यासह पिशवी. ज्या पायरीला काटा पडू लागेल त्या पायरीत गळती आहे. सगळे एकदम जोडून शोधत बसल्यास दिवस जातो आणि हाती काही लागत नाही.

व्हॅक्युमच्या गळतीवर साबणाचे पाणी लावून उपयोग नाही, कारण हवा आत जाते आणि बुडबुडे बाहेर येत नाहीत. त्याऐवजी पिशवी ब्लोअरने किंचित फुगवा आणि मग कडांना साबणाचे पाणी लावा. गळकी जागा लगेच फेसाळते.

सागवान_सांगली

दोघांचेही मनापासून आभार. काका, आपण सांगितल्याप्रमाणे काल संध्याकाळी एकेक भाग तपासला. नुसत्या मीटरलाच दहा मिनिटांत ४० मिलिमीटरची घट आली. मीटरच्या आट्यांना टेफ्लॉन टेप उलट्या दिशेने गुंडाळला होता, तो आवळताना गोळा होऊन बाहेर आला होता. तो नव्याने लावल्यावर काटा स्थिर राहिला. नळीचीही काही तक्रार नाही. पिशवी फुगवून साबणाचे पाणी लावले तेव्हा ट्यूब व्हॉल्व्हच्या मुळाशी बारीक बुडबुडे आले, आणि कडेच्या दोन कोपऱ्यांत, जिथे फिल्मला चुणी पडली होती, तिथे तर फेसाची रांगच उठली.

आता कडा कशाने बंद कराव्यात? आणि कॉम्प्रेसर तापण्याचे काय करावे?

शीतयंत्र_कराड

कॉम्प्रेसरबद्दल मी सांगतो, कारण फ्रिजदुरुस्ती हाच माझा व्यवसाय आहे.

सर्वांत आधी सुरक्षिततेचे. अलीकडच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए हा वायू असतो. तो आयसोब्युटेन आहे, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅससारखाच पेट घेणारा. आपला कॉम्प्रेसर भंगारातून नळ्या कापूनच आला असेल, परंतु हे वाचून जे कोणी जुना फ्रिज घरी उघडणार असतील त्यांनी कृपया तसे करू नये. कॉम्प्रेसरवरच्या चिठ्ठीवर वायूचे नाव लिहिलेले असते. तो वायू मेकॅनिककडून उघड्या जागेत काढून घ्यावा आणि मगच नळी कापावी.

आता तापण्याचे कारण. फ्रिजमध्ये परत येणारा थंड वायू या कॉम्प्रेसरला गार ठेवतो. आपण त्यातून जवळजवळ काहीच वाहू देत नाही, त्यामुळे मोटारीची उष्णता आतच राहते. बाहेरून एक लहान पंखा सतत त्याच्यावर सोडा. शिवाय याची क्षमता मुळातच बेताची असते. एका फेऱ्याला ७ घन सेंटिमीटर आणि मिनिटाला २,९०० फेरे धरले तर कागदावर मिनिटाला २० लिटर हवा निघते. व्हॅक्युम वाढत जाईल तशी ती कमी होत जाते. आपला काटा ३८० वर थांबला याचा अर्थ त्या ठिकाणी जेवढी हवा पंप काढत होता तेवढीच पिशवी आत घेत होती. गळती बंद केल्यावर हाच कॉम्प्रेसर ५५० च्या पुढे सहज जाईल.

व्हॅक्युम स्विच लावून त्याला आपोआप चालू-बंद करण्याचा विचार असेल तर एक अडचण ध्यानात घ्या. या मोटारीचा सुरुवातीचा जोर कमी असतो आणि तिला सुरू करून देणारा पीटीसी रिले गार व्हायला साधारण पाच मिनिटे लागतात. काटा मिनिटाला पडू लागला आणि स्विचने मोटार पुन्हा पुन्हा सुरू करायचा प्रयत्न केला, तर ती नुसती घुमेल आणि ओव्हरलोडवर जाऊन बंद पडेल. म्हणून पिशवी आणि कॉम्प्रेसर यांच्यामध्ये साठवणुकीची टाकी आणि हवा एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह कॉम्प्रेसर आणि टाकी यांच्यामध्ये येईल. कॉम्प्रेसर आणि हा व्हॉल्व्ह यांच्यामधल्या नळीच्या तुकड्यातला व्हॅक्युम मोटार बंद पडल्यावर सुटेल अशी सोय ठेवली तर मोटार ओझ्याविना सुरू होते. त्यासाठी सुरुवातीला हाताने उघडण्याची बारीक कॉकसुद्धा चालेल.

टाकीसाठी चार इंची पीव्हीसी पाइप ६ किलो दाबाचा घ्या, तीन फुटांचे दोन तुकडे पुरतात. ठिबकच्या लाइनला वापरतात तो पातळ पाइप किंवा रंगाचा रिकामा डबा घेऊ नका, तो आत चेपतो. काचेची बरणी तर मुळीच वापरू नये, ती फुटून काचा उडतात.

पिशवीकडून येणारी ओली हवा थेट कॉम्प्रेसरमध्ये जाऊ देऊ नका. गोंदाचे पाणी आतल्या तेलात मिसळले की तेल खराब होते. टाकी उभी ठेवून तळाला कॉक लावला तर पाणी तिथेच साठते. कॉम्प्रेसरच्या बाहेर फेकणाऱ्या नळीतून थोडे तेलही येत राहते. ती नळी कापसाचा बोळा घातलेल्या उघड्या बाटलीत सोडा, नाहीतर ते तेल विनिअरवर उडेल आणि त्या डागावर पॉलिश धरणार नाही.

रंधा_मिरज

कडांबद्दल सांगतो. दुहेरी चिकटपट्टी प्लॅस्टिकला नीट धरत नाही, तिथे ब्युटाइल टेप वापरा. पत्र्याच्या जोडांतून पाणी गळू नये म्हणून लावतात तीच काळी, मऊ, पिठासारखी दबणारी पट्टी. दोन बाजू तिने कायमच्या बंद करा. त्याहून चांगले म्हणजे शेततळ्याचे प्लॅस्टिक जोडणाऱ्या कारागिराकडून त्या गरम हवेने जोडून घ्या. एवढे दोन जोड त्यांना पाच मिनिटांचे काम असते.

तिसरी बाजू रोज उघडायची असते. तिच्यासाठी २५ मिलिमीटरच्या इलेक्ट्रिकल पाइपला लांबीत एक चीर द्या. २० मिलिमीटरच्या सरळ दांड्याभोवती फिल्मची कड गुंडाळा आणि वरून तो चिरलेला पाइप एका टोकापासून दाबत बसवत जा. दांडा गुळगुळीत असावा आणि गुंडाळताना चुणी पडू देऊ नये, आपली गळती चुणीतूनच होती. हरितगृहाची ॲल्युमिनियम पट्टी आणि नागमोडी स्प्रिंग मीही आधी वापरून पाहिली होती. ती फिल्म घट्ट धरते, पण हवाबंद करत नाही.

फिल्म २०० मायक्रॉनची चालेल. तिला फेविकॉल चिकटत नाही हा मोठा फायदा आहे. पुढे काम वाढले तर अर्धा मिलिमीटर जाडीच्या पारदर्शक मऊ पीव्हीसीची पिशवी करून घ्या, ती वर्षानुवर्षे टिकते आणि आत विनिअर सरकले का तेही दिसते.

गोठा_आणि_करवत, फलटण

ज्यांच्याकडे गाई आहेत त्यांच्यासाठी एक भर घालतो. धार काढण्याच्या यंत्राचा पंप याच कामाचा असतो. माझ्याकडच्या यंत्राचा व्हॅक्युम ३५० मिलिमीटरच्या आसपास नियंत्रित केलेला आहे आणि हवा काढण्याची त्याची क्षमता फ्रिजच्या कॉम्प्रेसरपेक्षा कितीतरी अधिक आहे. सकाळच्या आणि संध्याकाळच्या धारेच्या मधल्या वेळात मी त्यावर स्टुलांचे माथे आणि ट्रे चिकटवतो. सपाट आणि लहान कामाला तेवढा दाब पुरतो, वाकवलेल्या कामाला पुरत नाही.

मात्र एक चूक माझ्याकडून झाली होती ती सांगणे मला आवश्यक वाटते. अधिक दाब मिळावा म्हणून मी व्हॅक्युम नियंत्रित करणारा रेग्युलेटर आवळला आणि संध्याकाळी तो पूर्ववत करायचा राहून गेला. धार काढताना गाय सारखे पाय झाडू लागली. यंत्र काढून पाहिले तर सडांची टोके लालसर निळी पडली होती. पुढचे चार दिवस तिची धार हाताने काढावी लागली. तेव्हापासून मी रेग्युलेटरला हात लावत नाही. प्रेससाठी वेगळी नळी आणि पाणी अडवणारी वेगळी बरणी ठेवली आहे, तीही जाड स्टीलची. जनावराच्या यंत्रात गोंदाचा थेंब जाता कामा नये.

सागवान_सांगली

बारा दिवसांनी लिहितो आहे. टाकी, खाचांचा तक्ता, शेडनेट, ब्युटाइल टेप आणि चिरलेला पाइप हे सगळे केले. रिकाम्या पिशवीचा काटा आता ५२० वरून तासाभरात ४९० वर येतो. परवा नवे दार चिकटवायला घेतले. गोंद लावून पिशवी बंद करेपर्यंत नऊ मिनिटे गेली. काटा ५०० च्या पुढे गेल्यावर फिल्म दारावर इतकी घट्ट बसली की खालच्या शेडनेटचे एकेक चौकट वरून मोजता येत होते. मध्येच वीज गेली ती पाऊण तास आली नाही, तरी काटा ४७० च्या खाली उतरला नाही. चार तासांनी दार काढले, नखाने एक टोक ते दुसरे टोक ठोकत गेलो, आणि कुठेही आवाज बदलला नाही.

एक नवीन अडचण आहे. रात्री दार टेबलावर सपाट ठेवले होते, विनिअरची बाजू वर. सकाळी सरळपट्टी लावली तर मधोमध दोन सूत फट दिसते, दार विनिअरच्या बाजूने वाटीसारखे झाले आहे. मागच्या बाजूला विनिअर लावलेले नाही.

रंधा_मिरज

पिशवीचे काम उत्तम झाले आहे, अभिनंदन. वाक येण्याची कारणे आपण लिहिलेल्या शेवटच्या तीन वाक्यांतच आहेत. पिशवीत गोंदाचे पाणी बाहेर जाऊ शकत नाही, ते विनिअरमध्ये आणि प्लायच्या वरच्या थरात जिरते. बाहेर काढल्यावर वरची बाजू उघडी राहून सुकली आणि आखडली, खालची टेबलाला टेकून तशीच राहिली. दार काढल्याबरोबर ते उभे करून ठेवायला हवे होते, म्हणजे दोन्ही अंगांना हवा लागते.

आता ते दार दोन पट्ट्यांवर उभे करा आणि तीन दिवस सावलीत राहू द्या, पंख्याचा झोत एका बाजूला येऊ देऊ नका. त्यानंतर मागच्या बाजूला तितक्याच जाडीचे विनिअर, धागा त्याच दिशेला ठेवून, याच पिशवीत चिकटवा. मागे साग असायला हवा असे नाही, स्वस्तातले दुसरे विनिअर चालते, पण जाडी सारखी हवी. पुढच्या दारांना दोन्ही बाजूंचे विनिअर एकाच वेळी लावा. खालच्या विनिअरखाली पातळ प्लॅस्टिक आणि ६ मिलिमीटरचा सपाट तक्ता ठेवा, नाहीतर खाचांचे ठसे त्यावर उमटतील. सागाला नैसर्गिक तेल असते, म्हणून चिकटवायच्या बाजूने थिनरचा फडका आधी फिरवावा आणि तो पूर्ण उडून जाऊ द्यावा.

पहिले दार टाकून देऊ नका. फुग्याच्या मध्यावर नव्या ब्लेडने धाग्याच्या दिशेने दीड-दोन इंच चीर द्या, इंजेक्शनच्या सिरिंजने दोन्ही बाजूंना गोंद सोडा, बोटाने पसरवा आणि वर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसून घ्या. त्यावर बटर पेपर ठेवून कोमट इस्त्री मिनिटभर फिरवा आणि लगेच सपाट ठोकळा ठेवून शिकंज्याने किंवा वजनाने दाबा. धाग्याच्या दिशेने दिलेली चीर पॉलिशनंतर शोधावी लागते.